पॉवरबॉल: तिकीट कधी घ्यावं, आकडे कसे भरावेत

अमेरिकेतल्या पॉवरबॉल या लॉटरीचं तिकीट दोन डॉलरला मिळतं. १ ते ६९ मधले पाच आकडे आणि १ ते २६ मधला लाल चेंडूचा आकडा असे सहाही जुळले तर जॅकपॉट, म्हणजे सगळ्यात मोठं बक्षीस. ही शक्यता २९ कोटी २२ लाखांत एक. बाकीच्या आठ बक्षिसांची सरासरी काढली तर तिकिटामागे जेमतेम ३२ सेंट परत येतात. उरलेले १ डॉलर ६८ सेंट निव्वळ जॅकपॉटच्या भरवशावर लावलेले असतात, त्यामुळे तो खरोखर केवढा आहे हे आधी पाहावं.

जाहिरातीतला आकडा २९ वर्षांत ३० हप्त्यांनी मिळणाऱ्या रकमेचा असतो. एकरकमी किती, ते पाहा. नोव्हेंबर २०२२ मध्ये २०४ कोटी डॉलरचा विक्रमी जॅकपॉट लागला, त्याची एकरकमी किंमत ९९ कोटी ७६ लाख होती. केंद्रीय कराचे २४ टक्के आधीच कापले जातात. पण वरचा दर ३७ टक्के असल्याने फरक नंतर भरावा लागतो. राज्याचा कर वेगळा, फ्लोरिडा आणि टेक्ससमध्ये मात्र तो नाही.

हे सगळं धरून दोन डॉलर वसूल व्हायला एकरकमी रक्कम किमान ७८ कोटींची हवी, आणि विजेता एकटाच हवा. गाडी अडते ती इथे. जॅकपॉट फुगला की खरेदीदार वाढतात आणि वाटेकरीही. १३ जानेवारी २०१६ ला एकरकमी रक्कम ९८ कोटींच्या वर होती, कागदावर सौदा फायद्याचा होता. तीन तिकिटं जुळली आणि प्रत्येकाच्या वाट्याला करापूर्वी ३२ कोटी ७८ लाख आले. म्हणून ‘जॅकपॉट मोठा झाला की खेळा’ हा सल्ला आम्हाला अर्धवट वाटतो. खेळायचंच असेल तर एका सोडतीला एक तिकीट पुरे. दहा घेतली तर शक्यता दहापट होते खरी, पण ती २ कोटी ९२ लाखांत एक एवढीच राहते.

आकडे कोणतेही घ्या, शक्यता बदलत नाही. वाटेकऱ्यांची संख्या मात्र बदलू शकते. वाढदिवसांमुळे ३१ पर्यंतच्या आकड्यांवर गर्दी असते, म्हणून काही आकडे ३१ च्या पुढचे घ्या. आकडे भरायच्या कागदावर तिरपी रेघ किंवा चौकोन होईल असे आकडे टाळा. मार्च २००५ मध्ये फॉर्च्यून कुकी या बिस्किटातल्या भविष्याच्या चिठ्ठीवरचे आकडे लावून ११० जणांनी दुसरं बक्षीस जिंकलं होतं! तेव्हा छापील ‘शुभ अंक’ नकोतच. ‘बरेच दिवस न आलेला आकडा’ ही कल्पना तर सोडूनच द्या, चेंडूंना मागची सोडत आठवत नाही.

एक डॉलर जादा भरून मिळणारा पॉवर प्ले जॅकपॉट वाढवत नाही. दहा लाख डॉलरचं दुसरं बक्षीस वीस लाख होतं, बाकीची दुप्पट ते पाचपट, आणि जॅकपॉट १५ कोटींपर्यंत असेल तर कधी दहापटही. त्या डॉलरमागे सरासरी ४६ सेंटच्या आसपास परत येतात. कॅलिफोर्नियात ही सोय नाही.

सोडत सोमवारी, बुधवारी आणि शनिवारी रात्री. तिकिटावरची तारीख खिडकीवरच तपासा, मागे लगेच सही करा. बक्षीस मागण्याची मुदत राज्यागणिक ९० दिवस ते एक वर्ष. गटाने घेणार असाल तर सोडतीआधीच नावं, प्रत्येकाचे पैसे आणि तिकिटाचा फोटो सगळ्यांना पाठवा; जिंकल्यावर सर्वाधिक भांडणं ‘त्या आठवड्याचे पैसे दिले होते का’ यावरूनच होतात.