धक्का की जंपर?
पहाटे सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती भरलेली पिकअप नुसती 'कट-कट' करते, मीटरचे दिवे मंदावतात. म्हणजे बॅटरी बसली.

धक्क्याला खर्च नाही, माणसं लागतात. चावी ऑन, दुसरा गिअर, वेग आला की क्लच सोडायचा. पण भरल्या गाडीला चौघं पुरत नाहीत. आणि नव्या कॉमन-रेल डिझेलची, म्हणजे विजेच्या कंट्रोलवर इंधन सोडणाऱ्या इंजिनची, बॅटरी पार मेली असेल तर डिझेल फवारणारे इंजेक्टरच उघडत नाहीत. घाम तेवढा निघतो.

मी जंपरच्या, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीतून वायरींनी करंट घेण्याच्या, बाजूचा. लाल वायर प्लसला प्लस. काळी आधी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, शेवटचं टोक बंद इंजिनच्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब, ठिणगी उडते. शेजारच्या मोठ्या ट्रकचा 24 व्होल्ट मात्र घेऊ नका, पिकअपचं काम 12 वर. जंपर लावायच्या आधी बॅटरीच्या टर्मिनलवरचा, म्हणजे वायर जोडायच्या टोकांवरचा, पांढरा थर खरवडून बघा. कधीकधी तेवढ्यावरच भागतं.