पेन्सिल सेलच्या कॅमेऱ्यासाठी एनेलूप: पांढरे घ्या, काळे राहू द्या

माझ्याकडचा कॅमेरा निकॉनचा कूलपिक्स बी५००. २०१६ साली आलेला, ४० पट झूमचा, पोटात चार पेन्सिल सेल (एए आकाराचे) घेणारा. ही जात आता दुर्मीळ झाली आहे. त्याच घराण्यातला पुढचा बी६०० आला तो चपट्या लिथियम बॅटरीवर. पण सेकंडहँड बाजारात बी५०० आणि एल मालिकेतले त्याचे भाऊबंद अजून फिरतात, आणि घेणाऱ्याची पहिल्याच आठवड्यात एक ठरलेली तक्रार असते: "कॅमेरा सेल फार खातो हो." खातो खरा. पण काय खायला घालता, यावर बरंच अवलंबून आहे.

मी चिपळूणचा. शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी, आणि सुट्टीच्या दिवशी धनेश पक्षी बघत रानात. आमच्याकडे कवड्या धनेश भरपूर. उंबर-वड पिकला की झाडावर गर्दी. नर ढोलीशी येतो, मादीला फळं भरवतो आणि उडतो. तेवढ्या वेळात लेन्स शेवटपर्यंत बाहेर जाऊन फोकस लागायला हवा. अशा वेळी कॅमेऱ्याने बॅटरी संपल्याची पाटी दाखवली की माणूस फार वाईट बोलतो.

टपरीवर "पेन्सिल सेल द्या" म्हटलं की हातात पडतो तो बहुतेक वेळा झिंक-कार्बनचा. भिंतीवरचं घड्याळ, टीव्हीचा रिमोट यांना उत्तम. कॅमेऱ्यात घातला की लेन्स अर्धी बाहेर येते, घुरघुरते आणि थांबते. परत नेऊन दिला तर दुकानदार तोच सेल रिमोटमध्ये घालून चालवून दाखवतो, आणि त्याचंही काही चुकत नाही.

हे प्रकरण मी मुलांना टेबलावर दाखवतो. कोऱ्या झिंक-कार्बन सेलला नुसता मल्टिमीटर लावला तर दीड व्होल्ट, कधी थोडा जास्तच. मग त्याच्या दोन टोकांमध्ये एक ओहमचा रोध जोडायचा (जाडजूड घ्या, तापतो), म्हणजे सेलमधून एक अँपियरच्या आसपास प्रवाह ओढला जातो. आकडा डोळ्यांदेखत घसरायला लागतो आणि थोड्या वेळात एकच्याही खाली जातो. आता भरलेला एनेलूप लावा, म्हणजे पुन्हा पुन्हा भरता येणारा निकेल-मेटल हायड्राइड सेल. मोकळा असताना तो १.३ च्या आसपास दाखवतो, म्हणजे सुरुवातीलाच मागे. मुलं हसतात. रोध जोडला की थोडा खाली येतो आणि १.२ च्या जवळपास ठाण मांडून बसतो, बराच वेळ. कॅमेरा चालू होताना, लेन्स सरकताना, फ्लॅश भरताना असाच दांडगा प्रवाह ओढतो. वेष्टनावर १.२ व्होल्ट वाचून "हे कमी पडतील" म्हणणाऱ्यांना मी हा रोध दाखवतो.

अल्कलाइन या दोघांच्या मधले. बी५०० साठी निकॉनचे स्वतःचे आकडे असे आहेत: अल्कलाइनवर साधारण ६०० फोटो, निकेल-मेटल हायड्राइड चार्जेबलवर ७५०, एकदाच वापरायच्या लिथियम सेलवर १२४०. अल्कलाइन एवढे वाईट नाहीत, हे कबूल. पण ६०० फोटोंनंतर ते कचऱ्यात जातात आणि चार सेलचे दीडशे-दोनशे रुपये पुन्हा मोजायचे. शिवाय कॅमेऱ्यात विसरले तर गळतात. ते लिथियम सेल मात्र खरोखर चीज आहेत. एनर्जायझरचा अल्टिमेट लिथियम एक सेल १५ ग्रॅमचा, एनेलूपच्या निम्म्यापेक्षा थोडाच जास्त, आणि उणे ४० अंशांपर्यंत चालतो. स्पितीला हिमबिबट्या शोधायला निघाला असाल तर जरूर घ्या. कोकणात घामाने हात निसटतो, तिथे थंडीची तयारी कशाला?

आता एनेलूप. हे सेल मुळात सान्योचे, २००५ सालचे. पुढे सान्यो पॅनासॉनिककडे गेली आणि वेष्टनावरचं नावही बदललं. त्याआधीचे चार्जेबल सेल ज्यांनी वापरलेत त्यांना आठवत असेल, भरून ड्रॉवरमध्ये ठेवले की महिन्याभरात आपोआप ओसरायचे. एनेलूपने मोडली ती ही खोड. पांढऱ्या, म्हणजे साध्या एनेलूपची क्षमता किमान १९०० एमएएच (मिलिअँपियर-तास, सेलमधल्या विजेच्या साठ्याचं माप), आणि कंपनी म्हणते की भरून ठेवले तर दहा वर्षांनीही ७० टक्के शिल्लक राहील. दहा वर्षांचं मी सांगू शकत नाही, पण मे महिन्यात भरून ठेवलेले सेल गणपतीत काढले आणि थेट कॅमेऱ्यात घातले, असं माझ्याकडे सर्रास चालतं.

काळे, म्हणजे एनेलूप प्रो, २५०० एमएएचच्या घरातले. दुकानदार तेच पुढे करतो, कारण आकडा मोठा आणि किंमतही. पण पांढऱ्यांना कंपनी २१०० वेळा भरण्याचं आयुष्य देते आणि काळ्यांना ५००. लग्नात फ्लॅश धडाधड मारणाऱ्याला प्रो परवडेल, त्याला एका दमात जास्त हवं असतं. माझ्यासारख्याने त्या पैशांत पांढऱ्यांचा दुसरा संच घ्यावा. चार सेलचं पाकीट मला हजार-बाराशेच्या दरम्यान पडलं. महाग आहे, नाही म्हणत नाही.

सेलपेक्षा चार्जरवर जास्त विचार करा, असं माझं स्पष्ट मत. कॅमेऱ्यात चारही सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात. त्यातला एक अर्धवट भरलेला असला तर बाकी तिघांत दम असूनही कॅमेरा बंद, वर बाकीचे तिघे त्या दुबळ्या सेलमधून प्रवाह ढकलत राहिले तर त्याचं धन-ऋण उलटतं आणि तो कायमचा बिघडतो. जोडी-जोडीने भरणारे स्वस्त चार्जर नेमकं हेच घडवतात: दुसरा भरायचा राहिला म्हणून भरलेलाही भरत राहतो, किंवा एक भरला म्हणून दुसरा अर्धाच राहतो. म्हणून प्रत्येक सेलची खाच वेगळी बघणारा चार्जर हवा. मी पॅनासॉनिकचा बीक्यू-सीसी५५ वापरतो. चार सेल सुमारे तीन तासांत. प्रत्येक खाचेवर दिवा: रिकामा असेल तर लाल, मग पिवळा, मग हिरवा, भरला की विझतो. दिवा लुकलुकला तर सेल मेला समजायचं. पडदा नाही, एमएएच मोजून सांगत नाही. त्या हौसेसाठी दुसरे चार्जर आहेत. सीसी५५ थेट भिंतीतल्या सॉकेटवर बसतो, त्यामुळे पॉवर बँकेवर चालत नाही. प्रवासात तशी गरज असेल तर यूएसबीवाला घ्या, पॅनासॉनिक तोही बनवते.

सेलवर मार्करने 'अ' आणि 'ब' लिहून ठेवा. 'अ'चे चौघे एकत्र भरायचे, एकत्र वापरायचे. 'अ'मधला एक घरातल्या घड्याळात गेला की संसार मोडला. आमच्या घरी यावरून वाद झालेले आहेत.

ऑनलाइन ४८०० किंवा ९९०० एमएएच लिहिलेले पेन्सिल सेल दिसतील. या आकारात या जातीचा सेल २७०० च्या आसपास संपतो, त्यापुढचा आकडा छापखान्याचा. हल्ली टाइप-सी पिनेने भरायचे दीड व्होल्टचे लिथियम-आयन पेन्सिल सेलही आलेत. आत छोटं सर्किट असतं, ते शेवटपर्यंत दीड व्होल्ट देतं आणि मग एकदम हात वर करतं. त्यामुळे कॅमेऱ्यातलं बॅटरीचं चिन्ह भरलेलंच दिसतं आणि धनेश समोर असताना सगळं बंद. शिवाय दांडगा प्रवाह प्रत्येकाला झेपतोच असं नाही. रिमोट, खेळणी यांना ठीक. आणि १४५०० नावाचे, अगदी पेन्सिल सेलएवढेच दिसणारे ३.७ व्होल्टचे सेल कॅमेऱ्यात चुकूनही घालू नका. चार मिळून पंधरा व्होल्टच्या जवळ जातात, कॅमेरा जळेल.

पेन्सिल सेलचा एक फायदा फोटोंशी संबंधित नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी गावात शिरली, वीज गेली ती गेलीच. मोबाइल एकेक करून माना टाकत होते. तेव्हा भरून ठेवलेल्या एनेलूपांवर आमच्या माळ्यावर टॉर्च आणि रेडिओ चालला. चपट्या लिथियम बॅटरीचा तिथे काय उपयोग होता?

सेल आणलेत तर सेटअप मेनूत 'बॅटरी टाइप' शोधा आणि अल्कलाइनवरून निकेल-मेटल हायड्राइडवर न्या. नाही नेलं तर कॅमेरा व्होल्टेज कमी बघून उगाच लवकर संपल्याची बोंब मारतो. ब्लूटूथ लागत नसेल तर बंद ठेवा, तेही गुपचूप पीत असतं.

आणि जुना बी५०० विकत घेताना फोटो काढून बघण्याआधी तळाचं झाकण उघडा. पत्र्यांवर पांढरट-हिरवट पापुद्रा असेल तर आधीच्या मालकाचे अल्कलाइन गळलेत; कापसाच्या बोळ्याला किंचित लिंबू लावून पुसलं तर हलका थर निघतो, पत्रा खाल्लेला असेल तर कॅमेरा तिथेच ठेवा. झाकणाची खिटीही बघा. चार सेलांच्या स्प्रिंगा ते झाकण सारखं बाहेर ढकलत असतात. खिटी तुटल्यावर रबर बँड लावून फिरणारे मी पाहिलेत, आणि त्यांचा कॅमेरा हवा तेव्हा चालू झालेला क्वचितच पाहिला.