सिगऑल्टस्टॅक: प्रोग्राम आता निदान जागच्या जागी तरी मरतो

माझं काम क्रॅश रिपोर्टर लिहिण्याचं, म्हणजे कोसळणाऱ्या प्रोग्रामकडून शेवटची जबानी काढून घेण्याचं. या कामात लिनक्सचा सिगऑल्टस्टॅक हा सिस्टम कॉल, म्हणजे कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) करायची विनंती, टळत नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये ५.१४ कर्नल आला आणि एक्स८६ वर (इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरांवर) या सोयीत ओव्हरफ्लोची, म्हणजे जागा ओसंडण्याची, नीट तपासणी आली. हा अभिप्राय मुख्यतः तिच्याबद्दल.

ज्यांचा कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सिग्नल, म्हणजे कर्नलची प्रोग्रामला सूचना, आला की हँडलर (तो हाताळणारं फंक्शन) सुरू करण्याआधी कर्नल सगळी रजिस्टरं (प्रोसेसरमधली चालू मूल्यं) प्रोग्रामच्याच स्टॅकवर (फंक्शनांच्या तात्पुरत्या मेमरीवर) उतरवून ठेवतो. याला सिग्नल फ्रेम म्हणतात. पण रिकर्शन (फंक्शननं स्वतःलाच बोलावणं) थांबलंच नाही आणि स्टॅकच संपला, तर त्याची खबर देणाऱ्या सेगफॉल्टची (मेमरीच्या चुकीच्या सिग्नलची) फ्रेम ठेवायची कुठे? हँडलर चालत नाही, प्रोसेस मुकाट मरते. म्हणून सिगऑल्टस्टॅकनं आधीच बाजूला एक छोटा स्टॅक (ऑल्टस्टॅक) नोंदवायचा आणि हँडलर लावताना एसए_ऑनस्टॅक फ्लॅग द्यायचा. रस्ट भाषेत रिकर्शन सुटलं की स्टॅक ओव्हरफ्लो झाल्याचा धड निरोप मिळतो, तो यामुळेच. लिनक्सवर गो ही भाषा तर दर ओएस थ्रेडमागे (प्रोग्राममधल्या समांतर धाग्यामागे) सिग्नलसाठी ३२ केबीचा स्टॅक बाजूला काढतो. उधळपट्टी वाटते, पण शहाणपणाची.

गोम आकारात आहे. एक्स८६ च्या हेडरमध्ये ऑल्टस्टॅकसाठी किमान २०४८ बाइट आणि सोयीचे ८१९२ बाइट हे आकडे वर्षानुवर्षं तसेच राहिले. प्रोसेसर मात्र फुगत गेले. एव्हीएक्स-५१२ ची रुंद रजिस्टरं आल्यावर फ्रेममधला एक्ससेव्हचा (ती साठवण्याचा) भागच अडीच हजार बाइटच्या पुढे गेला. म्हणजे 'किमान' जागेत फ्रेमच मावत नाही, हँडलरचं तर सोडाच. यावर जुना कर्नल काय करायचा? ऑल्टस्टॅकवर असतानाच दुसरा सिग्नल आला तर जागा तपासायचा, पण मुळात त्यावर चढताना तपासायचा नाही. स्टॅक खालच्या पत्त्यांकडे वाढतो, तेव्हा जागा संपली तरी खाली लिहीतच जायचा, भाडेकरूनं आपलं सामान शेजाऱ्याच्या खोलीत लोटावं तसा. आणि ऑल्टस्टॅक मॅलॉकनं घेतलेला असेल तर शेजारी म्हणजे तुमचाच हीप, प्रोग्रामचा बाकीचा डेटा. क्रॅश इथे, नासधूस तिथे, आणि रिपोर्टमध्ये भलत्याच फंक्शनचं नाव.

मी मुद्दाम छोटा सी प्रोग्राम लिहून पाहिलं. एका सलग बफरच्या वरच्या २०४८ बाइटांचा ऑल्टस्टॅक केला, खालचा भाग एकाच खुणेच्या बाइटनं भरला आणि एव्हीएक्स-५१२ असलेल्या मशिनवर सिग्नल मारला. ५.१४ च्या आधीच्या कर्नलवर हँडलर हसतखेळत चालला आणि खालच्या खुणा पुसल्या गेल्या. नव्या कर्नलवर प्रोसेस तिथेच सेगफॉल्टनं मेली, खुणा शाबूत. फ्रेम लिहिण्याआधीच पत्ता ऑल्टस्टॅकच्या हद्दीत बसतो का ते कर्नल पाहतो. बसत नसेल तर मुद्दाम अशक्य पत्ता परत देतो आणि प्रोसेस मरते. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) प्रोग्रामचं नाव, पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) आणि सिगऑल्टस्टॅक ओव्हरफ्लो झाल्याची ओळ मिळाली. त्या एका ओळीसाठी मी पूर्ण गुण देते.

किती जागा लागेल हेही आता विचारता येतं. प्रोसेस सुरू होताना कर्नल ऑक्झिलरी व्हेक्टरमधून (प्रोग्रामला सुरुवातीला देतो त्या माहितीच्या यादीतून) एटी_मिनसिगएसटीकेएसझेड हा आकडा देतो. माझ्या त्याच मशिनवर तो ३६३२ आला. एआरएम६४ प्रोसेसरांवर हे आधीपासून होतं, एक्स८६ ला उशिरा सुचलं. जीलिबसी (सीची मूळ लायब्ररी) २.३४ नं तर हेडरमधला आकाराचा तो जुना स्थिरांकच जीएनयू सोर्स हा पर्याय चालू असताना चल (व्हेरिएबल) करून टाकला. जी++ या सी++ कंपायलरमध्ये हा पर्याय मुळातच चालू असतो, त्यामुळे त्या आकाराचा स्टॅटिक अ‍ॅरे घेणारे प्रोजेक्ट कंपाइल होईनात. कॅच२ ही टेस्ट लायब्ररीही त्यात होती. लोक चिडले. मला मात्र हे बरं वाटलं, कारण कंपाइल एरर दिसते तरी.

एएमएक्सची, म्हणजे इंटेलच्या मॅट्रिक्स गणिताच्या सोयीची, व्यवस्था (कर्नल ५.१६ पासून) त्याहून आवडली. तिथे नुसती टाइल्सची (तिच्या मोठ्या रजिस्टरांची) माहितीच ८१९२ बाइट, म्हणजे 'सोयीचा' आकडाही गेला. प्रोसेसनं एएमएक्सची परवानगी मागितली की कर्नल सगळ्या थ्रेडचे नोंदवलेले ऑल्टस्टॅक पाहतो आणि एक जरी अपुरा असला तरी नकार देतो.

आता तक्रारी. तपासणी फक्त फ्रेमपुरती आहे. फ्रेम बसली आणि मग हँडलरनंच चार केबीचा लोकल बफर घेतला, तर कर्नलला त्याचा पत्ताही नसतो. पुन्हा हीपची वाट. त्यामुळे मॅलॉक सोडा, एमॅपनं (थेट कर्नलकडून) जागा घ्या आणि खालचं एक पान (मेमरीचा तुकडा) एमप्रोटेक्टनं लिहिण्या-वाचण्याला बंद ठेवा. हे काम कर्नल करत नाही. दुसरं, नोंदणी थ्रेडनिहाय असते. नव्या थ्रेडला आपोआप काही मिळत नाही. मुख्य थ्रेडपुरतं लावून निर्धास्त बसलेला कोड मी पुष्कळ पाहिला आहे. तिसरं, २०४८ ची नोंदणी आजही सहसा बिनबोभाट मंजूर होते आणि मरण पुढे ढकललं जातं. जुन्या बायनरी (आधीच कंपाइल केलेले प्रोग्राम) मोडू नयेत हे कारण मला पटतं, पण नव्या कोडला ही ढिलाई कशाला?

पाचपैकी साडेतीन तारे. कडक तपासणीसाठी स्ट्रिक्ट_सास_साइझ हा बूट पर्याय आहे. तो चालू केला की अपुऱ्या आकाराला नोंदणीच्या वेळीच ईनोमेम (जागा अपुरी) ही एरर मिळते. आमच्या टेस्ट मशिनांवर मी तो लावला आहे. गिऱ्हाइकांच्या सर्व्हरवर लावायची हिंमत नाही, तिथे कोणाची कुठली जुनी बायनरी चालू असेल सांगता येत नाही.