६८ च्या मस्टँगला टीकेएक्स आणि नाइन इंच : आठ महिने, ४२०० मैल

टीकेएक्स हा पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि नाइन इंच हा फोर्डचा दणकट मागचा अ‍ॅक्सल, मार्चमध्ये दोन्ही बसवलं, आता नोव्हेंबर आलाय आणि इकडे डेट्रॉइटला रस्त्यावर मीठ पडायच्या आत गाडी झाकून ठेवायचीय, म्हटलं त्याआधी लिहून टाकू. मित्रांपैकी तिघांनी तरी विचारलंय की एवढा खर्च करून नक्की काय मिळालं.

गाडी १९६८ ची मस्टँग. कंपनीतून निघाली तेव्हा २८९ घन इंचाचं, दोन बॅरलच्या कार्ब्युरेटरवालं इंजिन, १९५ हॉर्सपॉवर, सी४ ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि मागे एट इंच अ‍ॅक्सल. तेवढ्या पॉवरला तो अ‍ॅक्सल मस्त होता, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण आधीच्या मालकाने त्यात ३४७ स्ट्रोकर (पिस्टनची धाव लांबवून मोठं केलेलं इंजिन) घातलं, चारशेच्या आसपास पॉवर, आणि मी शहाणपणा करून मागे चिकट टायर लावले. टायर घसरत होते तोवर अ‍ॅक्सल वाचत होता. टायरने रस्ता धरला त्या दिवशी सिग्नलवरून निघताना मागून लोखंडी डब्यात दगड टाकून हलवल्यासारखा आवाज आला, गाडी कशीबशी घरी आणली, ऑइल काढलं तर ट्रेमध्ये रिंग गिअरचा अख्खा दात पडलेला.

तेव्हा एक गोष्ट डोक्यात बसली, गिअरबॉक्स आणि रिअर अ‍ॅक्सल वेगवेगळे निवडायचेच नाहीत. एक मजबूत केलं की पुढचा मार दुसऱ्यावर जातो, आणि रेशोचं गणित तर दोघांचं मिळूनच असतं. माझा अ‍ॅक्सलचा जुना रेशो ३.५५ (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे साडेतीन फेरे), ओव्हरड्राइव्ह (इंजिनचा वेग कमी ठेवणारा वरचा गिअर) नाही, २६ इंची टायर, म्हणजे फ्रीवेला ७० मैलांवर इंजिन ३२०० आरपीएमला बोंबलतंय. टोपलोडर, म्हणजे फोर्डचा जुना चार गिअरचा मॅन्युअल, घ्यायचा मोह खूप झाला, दणकट आहे, त्या काळातला आहे, पण चौथा गिअर १.०० म्हणजे फ्रीवेला परत तेच रडगाणं. टी-५ हा पाच गिअरचा, हलका आणि स्वस्त, पण त्याचं टॉर्कचं रेटिंग साधारण ३०० पाउंड-फूटच्या घरात, माझ्या इंजिनपुढे दुसरा दात ट्रेमध्ये बघायची तयारी नव्हती. शेवटी ट्रेमेकचा टीकेएक्स, रेटिंग ६०० पाउंड-फूट, पहिला २.८७, पाचवा ०.६८. मागे ३.५०. आता ७० ला २१५० च्या आसपास, बायकोशी नॉर्मल आवाजात बोलता येतं.

अ‍ॅक्सल नाइन इंचच घ्यायचा हे आधीच ठरलं होतं. जुना शोधायला स्वॅप मीटला गेलो तर एक काका छातीठोकपणे "नाइन इंच" म्हणून विकत होते. मी सॉकेट घेऊन खाली आडवा झालो. थर्ड मेंबरच्या (अ‍ॅक्सलमधला गिअरचा पूर्ण गाभा) सगळ्या नटांवर सॉकेट सरळ बसला. नाइन इंचला खालच्या दोन नटांवर बसतच नाही, केसिंग आडवं येतं, तिथे पानाच लागतो. म्हणजे तो एट इंच. काका म्हणाले "अच्छा?" आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. मग नवीन हाउसिंगच घेतलं, ३१ स्प्लाइनचे (टोकाला ३१ दात असलेले) अ‍ॅक्सल आणि ट्रूट्रॅक, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना ताकद वाटणारा डिफरेन्शियल. दोन्ही चाकं घट्ट जोडणारा लॉकर नको होता, रस्त्यावर वळताना ठकठक करतो. ट्रूट्रॅकमध्ये क्लच प्लेट नाहीत त्यामुळे ऑइलमध्ये फ्रिक्शन मॉडिफायर घालायची भानगड नाही, पण एक चाक हवेत गेलं की तो हात वर करतो.

नाइन इंच थोडी जास्त पॉवर खातो हे खरं आहे, पिनियन (रिंग गिअर फिरवणारा छोटा गिअर) खूप खाली लागतो त्यामुळे घर्षण जास्त. पण अख्खा थर्ड मेंबर पुढून निघतो, टेबलावर ठेवून निवांत काम करता येतं. ज्या गॅरेजने गिअर सेट केले त्यांनी घाई केली, ४५ ला रेस सोडली की शिट्टीसारखा आवाज. मीच काढला, दातांना पिवळा रंग लावून ते कुठे टेकतात त्याचा पॅटर्न बघितला, पिनियन सपोर्टमागची शिम (पातळ चकती) बदलली, आवाज गेला. हेच शेजाऱ्याच्या शेव्हेलला असतं, त्याला १२-बोल्ट अ‍ॅक्सल आहे, तर गाडीखाली पाठीवर झोपून केलं असतं. शिवाय त्यात अ‍ॅक्सल आतून सी-क्लिपने धरलेला, अ‍ॅक्सल तुटला की चाक बाहेर. त्याचं सगळं ओरिजिनल आहे, मन्सी गिअरबॉक्ससकट, त्याने हात लावू नये असंच माझं मत. डाना ६० अ‍ॅक्सल यापेक्षाही दणकट, पण एवढं वजन छोट्या मस्टँगला कशाला.

आता माझ्या चुका. बेलहाउसिंगचा (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच) रनआउट, म्हणजे मध्य किती सरकलाय ते, न बघता गिअरबॉक्स चढवणार होतो, एका जाणत्याने डायल गेज हातात दिला, ०.०११ इंच निघाला, चालतो ०.००५ पर्यंत. ऑफसेट डॉवेल पिन टाकून ०.००३ वर आणला, एक शनिवार गेला. मग ६५ च्या पुढे सीटखाली बारीक थरथर, तर पिनियनचा अँगल चुकलेला, लीफ स्प्रिंगखाली २ अंशाची पाचर घातल्यावर गेली. मे महिन्यात दुसरा गिअर अडकायला लागला, मी गिअरबॉक्सला शिव्या घालून मोकळा, आणि क्लच मास्टर सिलिंडरचा रॉड मीच आखूड ठेवला होता. आणि हो, टीकेएक्समध्ये एटीएफ (ऑटोमॅटिकचं ऑइल) जातं, डेक्सरॉन ३, गिअर ऑइल नाही, मदतीला आलेला मित्र गिअर ऑइल ओतायच्याच तयारीत होता.

ऑगस्टमध्ये वुडवर्ड रस्त्यावरच्या ड्रीम क्रूझला (जुन्या गाड्यांचा मेळा) नेली, चार तास पहिला-दुसरा, पहिला-दुसरा, गणपतीत लक्ष्मी रोडला स्कूटर काढल्यासारखं. डावा गुडघा दोन दिवस बोलत होता. तेवढ्यापुरती सी४ ची आठवण आली. सगळं मिळून साडेसात हजार डॉलरच्या वर गेलं. पैसे कमी असतील तर आधी अ‍ॅक्सल करा, गिअरबॉक्स पुढच्या वर्षी, पण रेशो मात्र आजच दोघांचा मिळून ठरवा. नवीन गिअरला पहिले ५०० मैल जपा, पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं चालवून पूर्ण गार होऊ द्या, आणि ५०० ला ऑइल बदला. माझ्या ऑइलमध्ये बारीक चमकी होती, तुकडे नव्हते.

एट इंचचं जुनं हाउसिंग गॅरेजमध्ये पडलंय, सरळ आहे, स्टॉक २८९ वाल्या कुणाला हवं असेल तर फुकट घेऊन जा. दोघं जण या, जड आहे.