‘ब्लॉकला चीर गेलीय’ म्हणाला आणि माझं चांगलं इंजिन घेऊन बसला

आमचं गाव कोल्हापूरजवळ, पंचगंगेकाठी, प्रयाग चिखलीच्या बाजूला. रान साडेतीन एकर, सगळा ऊस. २०१२ साली वडिलांनी साडेअठरा एचपीचा, तीन सिलिंडरचा मिनी ट्रॅक्टर घेतला. तेव्हापासून सरीतली आंतरमशागत, बाळभरणी, मोठी भरणी (उसाच्या बुडाला माती चढवणं) सगळी त्याच्यावरच. मोठा ट्रॅक्टर उभ्या उसात घालता येत नाही आणि दारात आता बैल नाहीत. म्हणजे हे यंत्र थांबलं की आमचं रान थांबलं. हे आधी सांगतोय, कारण माझी घाई समोरच्याला पहिल्या दहा मिनिटांत कळली आणि पुढचं सगळं तिच्यावरच घडलं.

२०२४ चा मे महिना. सुरू हंगामातल्या लागणीची मोठी भरणी तोंडावर आलेली आणि इंजिन ऑइल खायला लागलं. सायलेन्सरमधून निळा धूर, चढाला पिकअप नाही, ऑइल भरायचं झाकण उघडलं की आतून भपका यायचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. काळा धूर बहुतेक वेळा डिझेल नीट न जळल्याचा, म्हणजे नॉझल, पंप किंवा तुंबलेला एअर क्लीनर. निळा धूर ऑइल जळत असल्याचा. आणि झाकणातून भपका येत असेल तर पिस्टनच्या रिंगांवरून गॅस खाली उतरतोय, म्हणजे रिंगा आणि पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते बोर झिजलेत. बारा वर्षं धुळीत चाललेल्या इंजिनाचं हे साधं म्हातारपण आहे. आमच्याकडून एअर क्लीनरचं ऑइलही वेळेवर बदललं जात नव्हतं, तेवढी धूळ आत गेलीच असणार.

गावातल्या फिटरनं सांगितलं, बोर करून पिस्टन-रिंगा नव्या घाला, हेडचे व्हॉल्व्ह बसवून घ्या, पस्तीस हजारांत काम होईल. त्यानं सांगितलं ते बरोबर होतं. पण त्याच्याकडं पंधरा दिवस नंबर लागत नव्हता. मग एका ओळखीच्या माणसानं हायवेकडच्या एका गॅरेजचा पत्ता दिला. गॅरेजचं नाव इथं लिहीत नाही.

तिथला मालक बोलायला गोड. ‘दादा, चार दिवसांत गाडी रानात. तुम्ही काळजीच करू नका.’ दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला, येऊन बघून जावा. गेलो तर इंजिन उतरवून उघडून ठेवलेलं. त्यानं मला वाकायला लावलं, बॅटरीचा उजेड पाडला आणि ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या ओतीव सांगाड्याच्या, खालच्या भागात (क्रँककेस) आतल्या भिंतीवर एक रेघ दाखवली. या बॉसपासून (ओतकामातला जाड उंचवटा) त्या बॉसपर्यंत, वीतभर. ‘बघा दादा, ब्लॉकला चीर गेलीय. ट्रॅक्टर पुरात होता न्हवं?’

होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या गावात घराघरांत पाणी होतं आणि ट्रॅक्टर चार दिवस पाण्यात होता. नंतर सगळं ऑइल काढून, नॉझल उतरवून, साफ करून तो सुरू केला आणि पुढं पाच वर्षं तो नीट चालला. पण पुराचं नाव काढल्यावर माझ्या पोटात गोळा आला. आमच्या भागात पुराचं नाव काढलं की माणूस वाटेल ते खरं मानतो. पाच वर्षं ज्या ब्लॉकमधून ना पाणी ऑइलमध्ये आलं ना ऑइल पाण्यात गेलं, त्याला चीर कशी असेल, हे तिथं मला सुचलं नाही.

मग त्यानं हिशेब मांडला. या ब्लॉकवर खर्च म्हणजे पैसे पाण्यात. त्याच्याकडं त्याच मॉडेलचं ‘रिकंडिशन’ केलेलं इंजिन तयार आहे, ८२ हजार. जुनं इंजिन भंगारात १२ हजारांना धरतो, वर ७० द्या. सहा महिन्यांची गॅरंटी, तोंडी. ‘आणि नंबरचं मी बघून घेतो, तुम्हाला आरटीओची भानगड नको.’ हे वाक्य मी नीट ऐकलंच नाही. मला वाटलं, कागद करून देणार असेल.

इंजिन चालू करून दाखवलं तेव्हा धूर नाही, आवाज गोड. पण मी पोचण्याआधीच ते गरम होतं. हेडला हात लावला तर चटका बसला. हे मला तेव्हा खटकायला हवं होतं. झिजलेलं इंजिन ओळखायचं तर ते रात्रभर थंड झाल्यावर आपल्या समोर पहिल्यांदा सुरू झालं पाहिजे. डिपस्टिक काढून बघितली तर ऑइल मधासारखं घट्ट. घट्ट ऑइल घातलं की आवाजही दबतो आणि प्रेशरही बरं दिसतं. मला वाटलं, चांगल्या प्रतीचं घातलंय.

सोसायटीतून आणि मेहुण्याकडून घेतलेले ७० हजार रोख दिले. बिल मागितलं तर कोऱ्या कागदावर रक्कम आणि तारीख लिहून दिली. शिक्का नाही, जीएसटी नंबर नाही, इंजिन नंबर नाही.

आठ दिवसांनी राहिलेली तास-मीटरची केबल आणायला गेलो. एका स्टँडवर एक ब्लॉक धुऊन पुसून ठेवलेला, बोर नवे करकरीत, शेजारी नव्या पिस्टनचे खोके. पुढच्या सपोर्टचा बोल्ट बसतो त्या डाव्या कानावर माझी नजर गेली आणि मी जागेवरच थांबलो. २०१५ साली तो कान तडकला होता, तेव्हा वडिलांनी स्वतः उभं राहून पितळेची ब्रेझिंग मारून घेतली होती. अंगठ्याच्या नखाएवढा पिवळा डाग, खालच्या बाजूला एक थेंब ओघळून थिजलेला. दरवर्षी ट्रॅक्टर धुताना तो थेंब माझ्या बोटाला लागायचा. मी विचारलं, हे माझं इंजिन ना? म्हणाला, ‘न्हाई वो दादा, त्यो दुसराच हाय. तुमचा भंगारात गेला.’ घरी येऊन आरसी (ट्रॅक्टरचं नोंदणीपत्र) काढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेलो, म्हटलं नंबर जुळवू. स्टँड रिकामा होता.

आमच्या गल्लीत एक काका आहेत, तीस वर्षं शिरोलीच्या फौंड्रीत मोल्डिंगला होते. मी त्या ‘चिरे’चा मोबाईलवर व्हिडिओ काढला होता, तो त्यांना दाखवला. त्यांनी दोनदा बघितला, तिसऱ्यांदा मध्येच थांबवला. म्हणाले, ‘ही चीर न्हवं बाळा. ही कोअरच्या, म्हंजे आतल्या वाळूच्या साच्याच्या, जोडाची रेघ. ओतकामात उमटते, प्रत्येक ब्लॉकला असते. बघ, बॅटरी बाजूनं धरल्यावर रेघेची सावली पडतीय. म्हणजे ती वर उचललेली आहे. चीर आत असते, नख अडकतं तिच्यात. आणि चीर अशी सुतात मारल्यागत सरळ जात न्हाई, वाकडीतिकडी फुटत जाते.’ मग त्यांनी जुनी पद्धत सांगितली. संशयाची जागा स्वच्छ करायची, रॉकेल लावायचं, थोडा वेळ थांबून कोरडं पुसायचं आणि वर खडूची पूड चोळायची. खरी चीर असेल तर आत मुरलेलं रॉकेल पुडीत ओली रेघ काढतं. दहा रुपयांचं काम. पाण्याच्या वाटा बंद करून दाबानं ब्लॉक तपासूनही मिळतो. फौंड्रीच्या या भागात राहून, घरापासून पन्नास पावलांवर असा माणूस असून, मी तो व्हिडिओ त्यांना पैसे दिल्यावर दाखवला. याचं मला आजही वाईट वाटतं.

‘रिकंडिशन’ म्हणून घेतलेलं इंजिन चाळीस तासही चाललं नाही. मोठी भरणी निम्मी झाली आणि गरम झाल्यावर ऑइलचा दिवा लागायला लागला, मग खालून ठोके. गॅरेजवाला म्हणाला, तुम्ही ओढून चालवलं, गॅरंटी गेली. शेवटी कोल्हापूरच्या उद्यमनगरात क्रँक (पिस्टनच्या जोरानं फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) ग्राइंडिंग करणाऱ्या एका जुन्या माणसाकडं नेलं. त्यांनी माझ्यासमोर मायक्रोमीटर लावला. क्रँक आधीच पाऊण मिलिमीटर उतरवलेला. पाव, अर्धा, पाऊण अशा पायऱ्यांनी क्रँक घासतात आणि तेवढ्या जाडीची बेअरिंगं घालतात. पाऊणच्या पुढं याला बेअरिंग मिळत नाही. त्यात मधल्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग काढलं तर त्याच्या पाठीमागं थंड पेयाच्या डब्याची कापलेली पट्टी निघाली. ढिलं बेअरिंग घट्ट बसावं म्हणून घातलेली. पट्टीवरची लाल छपाई अजून दिसत होती. ती पट्टी मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवली आहे. बोर होनिंग मारून फक्त चमकवलेले, रिंगा जुन्याच.

सगळ्यात वाईट पुढं होतं. इंजिन नंबरच्या जागी ग्राइंडर फिरवल्याच्या खुणा आणि त्यावर हातानं ठोकलेले आकडे, एक वर एक खाली. आकडे माझ्याच आरसीवरचे! ‘नंबरचं मी बघून घेतो’ याचा अर्थ तेव्हा कळला. इंजिन बदललं तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी घेऊन आरसीवर नोंद करावी लागते. नंबर खोडून दुसरा ठोकणं हा गुन्हा आहे, आणि ते इंजिन कुणाच्या चोरलेल्या ट्रॅक्टरचं आहे का, हेही मला ठाऊक नव्हतं. या भीतीनं मी तीन आठवडे तोंड बंद ठेवलं. असा नंबर ठोकणाऱ्याला हेच हवं असतं. गिऱ्हाईक स्वतःच घाबरून गप्प बसतं.

वकिलांनी खडसावल्यावर पोलिसांत आणि आरटीओत लेखी अर्ज दिले, पोच माझ्याकडं आहे. ग्राहक आयोगात जाता येतं, दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. पण पक्कं बिल नसल्यानं प्रत्येक गोष्ट साक्षीदारांनी सिद्ध करायची आहे. गावातल्या चार मोठ्या माणसांनी मध्ये पडून १५ हजार परत मिळवून दिले. बाकीचे गेले.

आता कुणी मला विचारतं, जुनं इंजिन बांधून घ्यावं की बदलावं, तेव्हा मी आधी विचारतो की मोजलं कुणी? बोर वर, मध्ये, खाली आणि दोन्ही दिशांनी मोजावा लागतो, कारण वरचा भाग जास्त झिजतो. क्रँक मोजावा लागतो. ही मापं आपण स्वतः ब्लॉक आणि क्रँक टेम्पोत घालून उद्यमनगरातल्या मशीन शॉपवर नेऊन, चिठ्ठीवर लिहून घ्यावीत. ज्याला दुसरं इंजिन विकायचं आहे त्याच्या तोंडून घेऊ नयेत. ब्लॉक शाबूत, क्रँकला अजून एक-दोन पायऱ्या शिल्लक आणि सुटे भाग मिळत असतील तर माझ्या मते बांधूनच घ्यावं. आपलं इंजिन काय सोसून आलंय हे आपल्याला माहीत असतं. कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकला भोक पाडलं असेल किंवा क्रँकच मोडला असेल तर बदलण्याचा विचार करावा. तोही बिलावर इंजिन नंबर लिहून देणाऱ्याकडूनच. इंजिन उतरवायच्या आधी नंबरचा आणि अंगावरच्या प्रत्येक खुणेचा फोटो काढा. आणि जुनं इंजिन घरी आणा. भंगारात घालायचं असलं तरी आपणच घालावं.

मी उद्यमनगरातच नवा क्रँक घालून काम करून घेतलं, आणखी ४६ हजार. आधीचे धरले तर एक लाखाच्या वर गेलं, जे पस्तीस हजारांत झालं असतं. नंबरचा निकाल लागेपर्यंत ट्रॅक्टर रस्त्यावर काढत नाही, घरच्या रानातच चालतो.

माझं खरं इंजिन कुणा शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला बसवलेलं असणार. तो करवीर, पन्हाळा, हातकणंगले कुठलाही असेल, आणि त्याच्या आरसीशीही नंबर जुळत नसेल किंवा घासून जुळवलेला असेल. २०२४ च्या जून-जुलैत ज्यांनी साडेअठरा एचपीच्या मिनी ट्रॅक्टरला ‘रिकंडिशन’ इंजिन बसवून घेतलंय, त्यांनी एकदा पुढच्या सपोर्टजवळ डावीकडच्या कानाखाली बोट फिरवून बघा. पितळेचा थिजलेला थेंब लागेल.