बीटल्सची सिंगल्स: ‘वन’ की ‘पास्ट मास्टर्स’?

२००० सालच्या ‘वन’ या संग्रहात ब्रिटन किंवा अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेली २७ गाणी आहेत. नवख्याला द्यायला झकास. पण निकष क्रमांकाचा, म्हणून ‘पेनी लेन’ आत आणि त्याच तबकडीवरचं ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ बाहेर! (ते ‘पास्ट मास्टर्स’वरही नाही, त्यासाठी ‘मॅजिकल मिस्टरी टूर’ हा अल्बम गाठावा लागतो.)

१९८८चा ‘पास्ट मास्टर्स’ मुख्यतः अल्बमांत न आलेली सिंगल्स (सुट्या तबकडीवर निघालेली गाणी) आणि त्यांच्या बी-साइड्स (तबकडीच्या मागच्या बाजूची गाणी) गोळा करतो. ‘पेपरबॅक रायटर’ दोन्हीकडे मिळेल, पण पाठीमागचं ‘रेन’ इथंच. त्यातले रिंगोचे ड्रम्स आणि शेवटी उलटा वाजणारा लेननचा आवाज ऐकाच. दोन गाण्यांची जर्मन रूपं मी सरळ वगळून पुढे जातो. अल्बम आधीच घरात असतील, तर ‘वन’वर पैसे घालू नका.