लॅरी ग्रॅहमचा अंगठा नीट बघायचा असेल तर

फंक, म्हणजे ठोक्यावर उभं असलेलं अमेरिकी नाचाचं संगीत, बास गिटारवर शिकायला बसलेल्याने १९६९ सालची दोन चित्रणं बघायलाच हवीत. दोन्हींत बासवर आहे स्लाय अँड द फॅमिली स्टोन या बँडचा लॅरी ग्रॅहम, अंगठ्याने तार ठोकायची आणि बोटाने ओढून सोडायची ही पद्धत फंकमध्ये रुजवणारा माणूस. एक चित्रण न्यू यॉर्कमधल्या हार्लेमच्या महोत्सवातलं, ते 'समर ऑफ सोल' या २०२१च्या माहितीपटात आहे. दुसरं वुडस्टॉक संगीत महोत्सवाचं, १९७०च्या चित्रपटातलं. वुडस्टॉकचं नाव मोठं, पण हात शिकायचा असेल तर आधी हार्लेम बघा.

फरक उजेडाचा आहे. हार्लेमचं चित्रीकरण करणाऱ्या हॅल टल्चिनकडे दिव्यांसाठी पैसे नव्हते, म्हणून मंच पश्चिमेकडे तोंड करून उभारला गेला आणि सगळं काम उन्हावर भागलं. वुडस्टॉकला हा बँड मंचावर आला तो १७ ऑगस्टला पहाटे साडेतीनच्या सुमारास. गर्द काळोख, मागून येणारे दिवे, त्यात दिग्दर्शकाने पडद्याचे तुकडे करून एकाच वेळी दोन-तीन दृश्यं दाखवलेली. अंगावर काटा येतो हे खरं, पण बोटं दिसत नाहीत. वुडस्टॉक डोळे मिटून ऐकावं. त्या रात्रीच्या कार्यक्रमाचा आवाज २००९ साली स्वतंत्रपणे प्रसिद्ध झालाय, बाससाठी तोच घ्या.

हार्लेमच्या माहितीपटातही खटकणारी गोष्ट आहेच. गाणं ऐन रंगात आलं की वर मुलाखतीचा आवाज चढतो, आणि कॅमेऱ्याचा ओढा गायकांकडे जास्त. लॅरीचे हात दिसतात ते क्षण निवडून, पुन्हा पुन्हा लावूनच बघावे लागतात.

'एव्हरीडे पीपल'पासून सुरुवात करा. या गाण्यात बास एका स्वरावरून हलत नाही. तो स्वर म्हणजे जी, जाड ई तारेचा तिसरा पडदा (मानेवरची आडवी पट्टी), ४९ हर्ट्झ. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण तोच ठोका त्याच वजनाने गाणंभर धरून दाखवा, मग कळतं. लॅरी लहान वयात आई डेल ग्रॅहमसोबत वाजवायचा. ड्रमवाला राहिला नाही तेव्हा बास ड्रमची, म्हणजे पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमची, जागा त्याने अंगठ्याला दिली आणि स्नेअरची, म्हणजे काठीने वाजणाऱ्या कडक आवाजाच्या ड्रमची, जागा बोटाच्या झटक्याला. तबला माहीत असणाऱ्याला हे चटकन समजेल. अंगठा म्हणजे डग्ग्यावरचा 'घे', झटका म्हणजे चाटेवरचा 'ना'. एकाच वाद्यावर दोन्ही.

अंगठ्याच्या सांध्याचा हाडाचा भाग शेवटच्या पडद्याजवळ तारेवर पडतो आणि लगेच उसळतो. हालचाल मनगटाची, कुलपात किल्ली फिरवावी तशी. कोपरातून जोर लावला की दहा मिनिटांत हात भरून येतो आणि लय मागे पडते. अंगठा तारेवर रेंगाळला तर स्वर मरतो, नुसता 'टक' उरतो. तर्जनी डी किंवा जी तारेखाली जेमतेम नखाएवढी जावी. खोल गेली तर अडकते. आणि डावा हात विसरू नका, ज्या तारा वाजत नाहीत त्या त्यानेच दाबून गप्प ठेवायच्या.

आता चित्रणातल्या खोड्या. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींवर चालतो. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर तो २५ने धावतो, म्हणजे सुमारे ४ टक्के जलद, आणि स्वर जवळजवळ पाऊण अर्धस्वर चढतो. वुडस्टॉकबरोबर वाजवताना बास बेसूर लागला तर आधी ट्यूनरला दोष देऊ नका. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये वेग ०.९६ करा आणि ऑडिओच्या सेटिंगमधलं टाइम-स्ट्रेचिंग बंद करा. ते चालू राहिलं तर वेग उतरतो, स्वर तिथेच राहतो. हात शिकण्यासाठी वेग ०.५ करायचा असेल तेव्हा मात्र ते चालूच हवं. जुन्या व्हिडिओटेपवरून काढलेल्या क्लिपमध्ये हलत्या अंगठ्याच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसल्या, तर त्याच प्लेअरमधली त्या रेघा काढणारी डीइंटरलेस ही सोय चालू करून तिच्यातला 'याडिफ २एक्स' हा पर्याय निवडा. अंगठा सुटा दिसू लागतो.

त्या काळच्या टीव्ही कार्यक्रमांच्या क्लिप बघताना बासला केबल जोडलेली आहे का, हे आधी तपासा. नसेल तर बहुतेक वेळा मागे रेकॉर्ड चालू आहे आणि कलाकार फक्त अभिनय करतोय. त्यावरून बोटं उतरवून घेऊ नयेत.

शेवटी ऐकण्याचं. मोबाइलच्या स्पीकरवर बास मिळत नाही. उघडी ई तार ४१ हर्ट्झची आणि ए ५५ची, ते खालचे स्वर एवढासा स्पीकर काढूच शकत नाही. हेडफोन लावा, तेही कान झाकणारे. नागपुरात एप्रिल-मेमध्ये कूलरशिवाय बसणं अशक्य आहे, पण त्याच्या घरघरीत नेमके खालचे स्वरच बुडतात. कूलर चालू असेल तर ठोक्याची किनार तेवढी ऐकू येते, लांबी कळत नाही, आणि लॅरीचं अर्धं काम स्वर कुठे तोडायचा यातच आहे. गाण्यापुरती तीन-चार मिनिटं कूलर बंद ठेवा. बासही त्याच्या झोतात उभा करू नका. ओल्या हवेने तारा गंजतात, बासची मान हलते, तारांची उंची बदलते आणि मग अंगठा उसळतच नाही. .०४५ ते .१०५ इंच जाडीचा राउंडवाउंड (गोल तार गुंडाळलेल्या तारांचा) संच या वादनाला चांगला. वाजवून झालं की प्रत्येक तार कोरड्या सुती कापडाने खालूनही पुसा.